मागे राहिलेल्यांची यादी

जोतीराव फुल्यांनी १८८७ साली पुण्यात मृत्युपत्र केलं आणि ते सरकारात रीतसर नोंदवलं. पुढच्याच वर्षी पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली, तेव्हा हे काम वेळेवर उरकलं म्हणायचं. इस्टेट काही डोळे दिपवणारी नव्हती. खरा प्रश्न होता यशवंताचा. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा हा मुलगा जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला होता, आणि उद्या आपले भाऊबंद त्याला मुलगा मानणार नाहीत हे जोतीरावांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी त्या कागदात मुलाच्या जन्माची हकीकतच घातली. त्याची नाळ सावित्रीबाईंनी स्वतःच्या हाताने कापली, हेही लिहून ठेवलं. शिवाय अट घातली, की यशवंत नालायक निघाला तर त्या काळी शूद्र गणल्या जाणाऱ्या जातींतला एखादा लायक मुलगा सावित्रीबाईंनी निवडावा.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. भाऊबंदांनी अपेक्षेप्रमाणे यशवंताच्या हक्काला हरकत घेतली आणि सावित्रीबाई टिटवं हातात घेऊन पुढे झाल्या. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्या भांडणाची चाहूल तीन वर्षं आधीच्या मृत्युपत्रात लागलेली आहे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. नुसत्या वंशावळीत जोतीरावांच्या नावाखाली एक रेघ आली असती, तिच्या टोकाला यशवंत, आणि फार तर पुढे बारीक अक्षरात ‘दत्तक’. संपलं.

घराण्याचा इतिहास शोधायचा म्हटलं की आपल्याकडे वाटा ठरलेल्या. आधी कुलवृत्तांत, मग त्र्यंबकेश्वर किंवा गयेच्या उपाध्यांच्या वह्या, आणि फारच हौस असली तर पेशवे दप्तरातले रुमाल. तिन्हींचा स्वभाव एकच: बाप, त्याचा बाप, त्याचा बाप. वतन, गोत्र आणि पिंड ज्या वाटेने जातात तीच वाट तिथे दिसते. परतून माहेरी आलेली बहीण, दुसरी बायको, तिच्यामागून आलेला मुलगा, दिवंगत मुलाची बायको, पंधरा वर्षं घरात राबलेला गडी, ही माणसं त्या वाटेवर भेटत नाहीत. ती मृत्युपत्रात भेटतात. त्यात उदारपणाचा भाग थोडाच. कोणाच्या तरी हातात दरमहा दहा रुपये पडायला हवे असतील तर ती व्यक्ती कोण, कोणाची कोण आणि राहते कुठे, हे लिहिणं भागच पडतं.

त्यातही मृत्युपत्र कोण करत असे, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. सरळ चाललेल्या घरात, चार मुलं आणि एकत्र कुटुंब असलेल्या माणसाला, त्याची गरज नव्हती. खरं म्हणजे त्याला तसा अधिकारच नव्हता. एकत्र कुटुंबातला आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभा हिंदू पुरुषाला १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मिळाली. त्याआधी फक्त स्वकष्टार्जित मिळकतीचं मृत्युपत्र करता येई. म्हणून जुन्या मृत्युपत्रांत दोन प्रकारची माणसं जास्त सापडतात: गाव सोडून शहरात आलेली आणि स्वतः कमावणारी, नाहीतर ज्यांच्या घराची घडी कुठेतरी विस्कटलेली आहे अशी. निपुत्रिक, दोन घरं असलेले, मुलाशी बिनसलेले, धर्म बदललेले. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार टागोर यांनी ख्रिस्ती झालेल्या मुलाला वगळून मृत्युपत्र केलं आणि तो खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८७२ च्या त्या निकालावर हिंदू मृत्युपत्रांचा कायदा पुढची कित्येक वर्षं चालत राहिला.

या ‘स्वकष्टार्जित’ भानगडीचा वंशावळ शोधणाऱ्याला अनपेक्षित फायदा होतो. मिळकत माझीच आहे, वडिलोपार्जित नाही, हे सिद्ध करायचं तर माणसाला स्वतःची कथा सांगावी लागते. त्यामुळे १८८० ते १९४० च्या दरम्यानच्या पुष्कळ मराठी मृत्युपत्रांचा पहिला परिच्छेद म्हणजे छोटं आत्मचरित्रच असतं. मी अमुक तालुक्यातल्या अमुक गावचा, वडील लहानपणी वारले, मामाने शिकवलं, अमुक साली मुंबईस आलो, अमुक कचेरीत नोकरी धरली, भावांशी अमुक साली वाटणी होऊन फारकत झाली, मला त्यातून काही मिळालं नाही. आता यातलं ‘मामाने शिकवलं’ हे वाक्य कृतज्ञतेपोटी आलेलं असेलच असं नाही. शिक्षणाचा खर्च एकत्र कुटुंबातून झाला असेल तर कमाईवरही कुटुंबाचा हक्क, असं कोर्टं धरीत. म्हणजे शिक्षण मामाच्या पैशाने झालं हे लिहिणं वकिली शहाणपणाचं होतं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या खटपटीने १९३० साली विद्याधनाचा कायदा झाला, शिकलेल्याची कमाई त्याची स्वतःची ठरली, आणि मृत्युपत्रांतले हे मामा हळूहळू कमी झाले.

मृत्युपत्रं टिकून राहण्याच्या बाबतीत मुंबई भाग्यवान. १ सप्टेंबर १८७० पासून हिंदू मृत्युपत्रांचा कायदा लागू झाला आणि मुंबई शहरात केलेल्या किंवा तिथल्या घरा-जमिनीबद्दलच्या मृत्युपत्राला कोर्टाकडून प्रोबेट घेतल्याशिवाय हक्क सांगता येईना. तोच नियम पुढे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात आला आणि एकूण शंभर वर्षांहून अधिक काळ टिकला. प्रोबेट म्हणजे हे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला. मृत्युपत्र नसेल, किंवा असून त्यात ते अमलात आणणारा एक्झिक्युटर नेमलेला नसेल, तर ‘लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन’. पुण्या-नागपुरात अशी सक्ती नव्हती, त्यामुळे तिथलं मृत्युपत्र घरातल्या पेटीतच राहून वाळवीला गेल्याची शक्यता मोठी. गिरगाव, भुलेश्वर, परळ-लालबागला राहून चार पैसे जमवलेल्या कोकणी-घाटी चाकरमान्याचा कागद मात्र उच्च न्यायालयाच्या दप्तरात गेलेला असू शकतो. हायकोर्ट १८६२ चं. त्याच्या मागे सुप्रीम कोर्ट, रेकॉर्डर्स कोर्ट आणि थेट १७२६ च्या सनदेने आलेलं मेयर्स कोर्ट अशी साखळी आहे. कंपनीच्या काळातल्या मुंबईकरांच्या मृत्युपत्रांच्या प्रती लंडनलाही पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदांत आहेत.

कायद्याने अर्जदाराला काय काय सांगायला लावलं आहे तेही पाहण्यासारखं आहे. मृत्यू कधी झाला, मालमत्ता किती, मृत्युपत्रावर सही कोणासमोर झाली. आणि लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशनच्या अर्जात तर मयताचं कुटुंब व इतर नातेवाईक आणि त्यांचे पत्ते द्यावेच लागतात. वंशावळ करणाऱ्याने आणखी काय मागावं? पुढे एक्झिक्युटरने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब सादर करायचा, अशीही तरतूद आहे. ती पाळली जातेच असं नाही, पण जिथे पाळली गेली तिथे घर आतून दिसतं.

गिरगावातल्या एका स्नेह्यांकडे १९३० नंतरच्या दशकातल्या अशा एका अर्जाची घरची प्रत मी पाहिली. जाड, पिवळट कागद, वरच्या कोपऱ्यात कोर्ट फीचा स्टॅम्प, टाइप केलेलं इंग्रजी. मूळ मृत्युपत्र मराठीत, पण ते कोर्टात. घरी उरलं होतं हायकोर्टाच्या भाषांतरकाराने केलेलं भाषांतर. त्यामुळे कोकणातल्या एका कारकुनाचं बोलणं लंडनच्या एखाद्या सॉलिसिटरासारखं वाटत होतं. तरी मजकूर लपला नव्हता. बालविधवा बहिणीला हयातभर माडीवरची खोली आणि दरमहा आठ रुपये. शिवाय थंडीच्या दिवसांत न्हाणीघरातला तांब्याचा बंब वापरण्याचा हक्क, ‘माझ्या सुनेने त्यास हरकत करू नये’. हे एक कलम वाचलं की त्या न्हाणीघरात काय चालत असे ते कळलं. नथ आणि गोठ थोरल्या मुलीला, पाटल्या मोडून धाकटीच्या लग्नाला. तांब्या-पितळेच्या भांड्यांची तर तोळामासा मोजदाद. शेवटून दुसऱ्या कलमात खेतवाडीतल्या एका बाईंना ‘माझ्या आजारपणात केलेल्या सेवेबद्दल’ दोनशे रुपये आणि त्यांच्या मुलाची मॅट्रिकपर्यंतची फी. ‘या बाई कोण?’ मी विचारलं. स्नेह्यांच्या आई चहा गाळत होत्या. ‘असतील कोणी शेजारच्या,’ त्या म्हणाल्या आणि कप पुढे केला.

बहिणीच्या खोलीचं आणि बंबाचं एवढं का लिहायचं, तर तेव्हाच्या कायद्यात बाईचा हक्क फार तर अन्नवस्त्राचा. मुंबईच्या डॉ. गो. वि. देशमुखांच्या प्रयत्नाने १९३७ चा कायदा झाला आणि विधवेला नवऱ्याच्या हिश्शावर हक्क मिळाला, तोही हयातीपुरता. बहिणीला तोही नव्हता. तेव्हा जे द्यायचं ते बारकाव्याने लिहूनच द्यावं लागे.

मृत्युपत्र बोलकं, पण त्याहून बोलकी असते त्यावरची हरकत. कोणी कॅव्हेट दाखल केलं की साध्या अर्जाचा दावा होतो. साक्षीदार उभे राहतात, उलटतपासण्या होतात आणि शे-दीडशे वर्षांनी आपल्याला घराण्याचं सबंध नाटक वाचायला मिळतं. मराठी माणसाला यातलं एक प्रकरण चांगलं परिचयाचं आहे, फक्त आपण ते राजकारण म्हणून वाचतो.

पुण्यातले पहिल्या वर्गाचे सरदार बाबामहाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी वारले. त्याच दिवशी त्यांनी मृत्युपत्रावर सही केली होती. व्यवस्था पाहणाऱ्यांत लोकमान्य टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, कोल्हापूरचे कुंभोजकर आणि नागपूरकर ही मंडळी. टिळक राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटलेले. स्वतःचं भवितव्य टांगणीला लागलेलं असताना मरणासन्न मित्राचं हे ओझं त्यांनी घेतलं आणि ते पुढे जवळजवळ अठरा वर्षं त्यांच्या मानगुटीवर बसलं. बाबामहाराजांची पत्नी ताईमहाराज तेव्हा गरोदर होती. मुलगा झाला नाही, किंवा होऊन वाचला नाही, तर विश्वस्तांच्या सल्ल्याने दत्तक घ्यावा, असं मृत्युपत्रात होतं. मुलगा झाला आणि थोड्याच दिवसांत गेला.

मग घराण्याच्या फांद्या चाळणं सुरू झालं. निधोन्याच्या शाखेतला जगन्नाथ पसंत पडला आणि जून १९०१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला दत्तविधान झालं, असं टिळकांचं म्हणणं. ताईमहाराज पुण्याला परतल्या, त्यांचं मन फिरलं किंवा फिरवलं गेलं, आणि ऑगस्टात त्यांनी कोल्हापूरच्या शाखेतले बाळामहाराज दत्तक घेतले. दरम्यान प्रोबेट रद्द करावं म्हणून जिल्हा न्यायालयात अर्ज पडला. न्यायाधीश अॅस्टन यांनी १९०२ मध्ये प्रोबेट रद्द केलंच, वर टिळकांवर खोटी साक्ष दिल्याचा वगैरे फौजदारी खटला लावून दिला. त्यात शिक्षा झाली. मार्च १९०४ मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली. दिवाणी बाजू मात्र लांबत राहिली. १९०६ ला पुण्यात निकाल टिळकांच्या बाजूने, १९१० ला, टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना, हायकोर्टात उलटा, आणि २६ मार्च १९१५ ला प्रिव्ही कौन्सिलने तो पुन्हा फिरवून जगन्नाथाचं दत्तविधान खरं ठरवलं.

टिळकचरित्रांत हे प्रकरण टिळकांच्या छळाचं म्हणून येतं, ते ठीकच आहे. पण घराण्याच्या इतिहासाच्या नजरेने त्याकडे पाहिलं तर प्रश्न बदलतात. मुलगा कोणाच्या मांडीवर बसला, कोण हजर होतं, कोणत्या शाखेतले कोण नातलग विचारात होते, कर्ज किती होतं, आणि एका तरुण विधवेला चारी बाजूंनी सल्ला देणारे पुरुष नेमके कोण कोण होते. एवढ्या तपशिलाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं दुसरं एखादं सरदार घराणं आपल्याला क्वचितच दिसेल. ताईमहाराजांची बाजू कोणी नीट मांडली आहे असं मला आजही वाटत नाही. त्यांचं बोलणं फिर्यादी-अर्जांतून, दुसऱ्याच्या कलमाने आलेलं आहे.

प्रिव्ही कौन्सिलचे आणि हायकोर्टाचे छापील निकाल हा म्हणूनच आपल्याकडे न वापरलेला खजिना आहे. मुंबई मालेचे कायदे-अहवाल १८७६ पासून छापले गेले. दत्तक, वाटणी, वतन यांवरच्या कित्येक निकालांत न्यायमूर्तींनी सोयीसाठी वंशवृक्षच छापून दिला आहे. कोर्टात पुराव्यावर घासून घेतलेली अशी वंशावळ घरच्या वंशावळीपेक्षा मला जास्त विश्वासाची वाटते. बरेच अहवाल आता डिजिटल स्वरूपात मिळतात, त्यासाठी कोणाच्या पाया पडावं लागत नाही.

घरच्या दंतकथा तपासायलाही हा कागद कामी येतो. महंमद अली जिनांनी नेव्हिल वाडियांशी लग्न केलेल्या मुलीला वाऱ्यावर सोडलं, असं मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. ३० मे १९३९ चं त्यांचं मृत्युपत्र वेगळं सांगतं. लग्नानंतरचं असूनही त्यात मुलीसाठी दोन लाखांची रक्कम बाजूला काढून तिच्या व्याजातून दरमहा हजार रुपयांची हयातभर सोय आहे. माउंट प्लेझंट रोडवरचं घर बहीण फातिमाला, इतर तीन बहिणी आणि एका भावाला दरमहा शंभर-शंभर रुपये, मुंबई विद्यापीठाला पन्नास हजार. मुलीशी बोलणं किती होतं ते यातून कळत नाही. तिचं नाव मात्र खोडलेलं नव्हतं.

मुंबईबाहेरच्यांनी निराश व्हायचं कारण नाही. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदलेली मृत्युपत्रं आणि दत्तकाची अधिकारपत्रं पुस्तक क्रमांक ३ मध्ये उतरवलेली असतात. करून देणारा जिवंत असेपर्यंत त्याची नक्कल दुसऱ्याला मिळत नाही. तो वारल्यावर मात्र कोणीही अर्ज करून नक्कल मागू शकतो, अशी नोंदणी कायद्यात स्पष्ट तरतूद आहे. काउंटरवर ‘तुम्ही वारस आहात का?’ असं विचारलं जातं, तेव्हा कलम ५७ माहीत असलेलं बरं. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक असते, हेही लक्षात ठेवावं. पुस्तकात सापडलं नाही म्हणजे केलंच नव्हतं असं नाही.

आणि ज्यांच्या घरात कोणी कधी मृत्युपत्र केलं नाही, म्हणजे महाराष्ट्रातल्या बहुसंख्यांच्या, त्यांच्यासाठी तलाठ्याचं दप्तर आहे. माणूस मेला की वारसाची नोंद गाव नमुना सहा-क मध्ये, मग फेरफार, मग सातबारा. गरिबाचं प्रोबेट ते हेच. जुने फेरफार पुष्कळदा मोडीत, दोन-तीन ओळींचे: अमुक मयत, वारस मुलगे अमुक तमुक, पैकी धाकटा अज्ञान, थोरला ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. मुली बहुतेक वेळा नाहीतच. विधवेचं नाव असलं तर तिला मुलगा नव्हता, असा अंदाज धरून पुढचा शोध घ्यावा. कित्येक तालुक्यांचे स्कॅन केलेले जुने अभिलेख आता शासनाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. मोडी वाचणारा मात्र आपला आपण गाठावा लागतो, आणि तो चांगला असेल तर त्याच्याकडे रांग असते.

गोव्याची तऱ्हाच निराळी. तिथे पोर्तुगीज नागरी संहिता १ जुलै १८७० ला लागू झाली, मुंबईतल्या हिंदू मृत्युपत्र कायद्याच्या बरोबर दोन महिने आधी. तिच्यात नवरा-बायकोची मिळकत सामायिक, मुलगे-मुली वारसाहक्काला सारख्या, आणि मुलं असली की अर्ध्याहून जास्त इस्टेट मृत्युपत्राने देताच येत नाही. म्हणून गोव्यात खरा ऐवज मृत्युपत्रात नसून वाटपाच्या ‘इन्व्हेंतार’ प्रकरणात सापडतो. त्यात वारस म्हणून मुली आहेत, त्यांचे नवरे आहेत, बागायतीचे तुकडे आहेत, माड आहेत, देणी आहेत. पणजीच्या पुराभिलेखागाराचा उगम १५९५ पर्यंत मागे जातो. तिथे जाणाऱ्या आपल्याकडच्या सारस्वत घराण्यांच्या वारसांना एक अडचण येते ती आडनावांची. शेणवी तिथे ‘सिनाय’ होतो, कामत ‘कामोतीं’, प्रभू ‘पोरोबो’. सूचीत पाहताना पोर्तुगीज कारकुनाच्या कानाने ऐकावं लागतं.

शोधताना आणखी एक. मृत्यूच्या वर्षावर विसंबू नये. सूची बहुधा अर्जाच्या वर्षाने लागते, आणि आपल्याकडे प्रोबेटची आठवण जागा विकायच्या वेळी होत असे. १९३१ ला गेलेल्या माणसाचा अर्ज चाळ विकताना, १९४६ ला, पडलेला असू शकतो. मधल्या काळात एक्झिक्युटरच वारला असेल तर मूळ नावाने काहीच सापडत नाही आणि भलत्याच चुलत्याच्या अर्जात आपले आजोबा निघतात. वर्तमानपत्रातल्या जुन्या ‘जाहीर नोटिसा’ अशा वेळी उपयोगी पडतात.

या कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे तर उघडच आहे. ‘थोरल्या मुलाने माझी कधी विचारपूस केली नाही’ हे वाक्य धाकट्याने सांगून लिहवलेलं असू शकतं. साक्षीदार म्हणून सही करणारे दोघे कोण, डॉक्टर आहेत की धाकट्याचे मेहुणे, हे आधी पाहावं. आजारपणात, मृत्यूच्या आदल्या दिवशी, ज्याला लाभ होणार त्याच्याच घरी झालेलं मृत्युपत्र असेल, तर कोर्ट संशय घेतं. आपणही घ्यावा.

कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्त्या काढणाऱ्या मंडळींत हल्ली एक वाद ऐकू येतो: मृत्युपत्रात सापडलेली ‘ती’ नावं छापायची का? दुसऱ्या घरातली मुलं, खेतवाडीतल्या बाई, परत आलेली बहीण. संपादक मंडळातले ज्येष्ठ बहुधा नको म्हणतात, घराण्याची शोभा होईल म्हणतात. मला हे पटत नाही. ज्याने कमावलं त्याने ती नावं दोन साक्षीदारांसमोर, शुद्धीवर असताना, सहीनिशी लिहिली आणि कोर्टाने ती खरी मानली. वंशजांनी ती गाळायची ती कोणत्या अधिकाराने? पथ्य एवढंच, की त्या नावांची मुलं-नातवंडं आज हयात असतील तर आधी त्यांच्या दारात जावं, कागद त्यांना दाखवावा, आणि त्यांनी नको म्हटलं तर ते पान त्यांच्या हयातीत कोरं ठेवावं.